आठ कापांचा हिशेब

म्हैसूरमध्ये घरी हौसेनं सुतारकाम करणाऱ्याकडे पहिली मागणी बहुधा फ्रेमची येते. ओळखीत कुणीतरी म्हैसूर शैलीची चित्रकला शिकत असतं आणि चित्र पूर्ण झालं की ते टांगायचं कसं हा प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. या चित्रांत सोन्याच्या वर्खाखाली पांढऱ्या लेपाचा हलका उठाव असतो. तंजावरच्या चित्रांइतका जाड नाही, पण नाजूक. काच त्याला टेकता कामा नये, म्हणून काच आणि चित्र यांच्यामध्ये बारीक पट्ट्या घालाव्या लागतात. त्यासाठी फ्रेम खोल हवी आणि खोल फ्रेमला पट्टी जाड लागते. पातळ पट्टीत खपून जाणारा मशीनचा दोष जाड पट्टीत लपत नाही.

हा दोष दिसतो कोपऱ्यात. मायटर सॉ, म्हणजे तिरके काप घेणारं मशीन, विकत घेताना दुकानदार मोटरचे वॅट सांगतो, पात्याचा व्यास सांगतो, लेसरची लाल रेघ टेबलावर पाडून दाखवतो. ४५ च्या खाचेत मशीन खटकन बसतं आणि आपल्याला वाटतं, झालं काम. त्या खटक्यावर मात्र विश्वास ठेवायचा नाही. मशीनवरची अंशांची पट्टी म्हणजे कारखान्यानं दिलेला अंदाज. खरा कोन कापलेल्या लाकडावरच मोजायचा.

आकडे पाहा. फ्रेमला चार कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन काप, म्हणजे एकूण आठ. समजा, प्रत्येक काप ४५ ऐवजी ४४.७५ अंशांचा झाला. पाव अंश डोळ्यांना दिसत नाही, पट्टीवर तर मुळीच नाही. पण आठही काप एकाच बाजूला चुकले तर चुकीची बेरीज दोन अंश होते. तीन कोपरे घट्ट बसवले की हे दोन्ही अंश चौथ्यात जमा होतात. पट्टी ५० मि.मी. रुंद असेल तर तिरक्या कापाची लांबी सुमारे ७१ मि.मी. भरते आणि तेवढ्या लांबीवर दोन अंश म्हणजे जवळजवळ अडीच मि.मी. फट. तिच्यात भुसा आणि गोंद भरणारे आहेत. सागाच्या फ्रेमला पॉलिश लागलं की ती रेघ काळी पडून आणखीच उठून दिसते.

मग पाव अंश पकडायचा कशानं? बाजारातली डिजिटल अँगल गेज साधारण ०.१ ते ०.२ अंशांची हमी देतात. पातं उभं आहे की नाही याचा पहिला अंदाज घ्यायला ती ठीक आहेत, पण ०.२ ला आठनं गुणलं की पुन्हा दीड अंशाच्या वर गेलो. लेसर काप कुठे पडेल एवढंच सांगतो. कोनाबद्दल तो मुका आहे. गुण्या लागतो, पण तोही आधी तपासून घ्यावा. इथले आचारी, म्हणजे सुतार, त्याला ‘मूलेमट्ट’ म्हणतात, आणि स्वस्तातला असला तर तो काटकोनात असेलच असं नाही. एमडीएफच्या तुकड्याची कारखान्यात कापलेली सरळ कड घ्या, तिला गुण्या टेकवून धारदार पेन्सिलीनं एक रेघ मारा. गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. वरच्या टोकाला फाकल्या तर जेवढं अंतर दिसेल त्याच्या निम्मी गुण्याची चूक. असा गुण्या मशीनजवळ ठेवूच नका.

हीच उलटवण्याची युक्ती मशीनलाही लागू पडते, आणि ती कुठल्याही उपकरणापेक्षा प्रामाणिक आहे. दोन्ही कडा समांतर असलेली, १०० मि.मी. रुंदीची फळी घ्या. मशीन शून्यावर, म्हणजे काटकोनी कापावर ठेवून फळी मधोमध कापा. एक तुकडा तसाच राहू द्या, दुसरा पालथा करा, दोन्ही तुकडे एका सरळ कडेला टेकवून कापलेली तोंडं एकमेकांना भिडवा. काप काटकोनी असेल तर तोंडं पूर्ण मिळतील. नसेल तर एका टोकाला व्हीच्या आकाराची फट दिसेल आणि ती मूळ चुकीच्या दुप्पट असेल. पाव अंशाची चूक इथे जवळजवळ ०.९ मि.मी. होऊन समोर येते. फट मोजायला ८० जीएसएमचा साधा कागद चालतो, त्याची जाडी ०.१ मि.मी.च्या आसपास असते. एक कागद जेमतेम शिरत असेल तर मशीन ०.०३ अंशांच्या आत आहे. घरच्या कामाला याहून जास्त मागू नये. लाकूडच तेवढं स्थिर नसतं, त्याबद्दल पुढे लिहितो.

फट असेल तर लगेच पाना उचलू नका. आधी प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर हवा. मग सफाई. टेबलाच्या फिरत्या गोल तबकडीखाली, खाचांमध्ये, मागच्या उभ्या आधाराच्या (त्याला फेन्स म्हणतात) पायाशी भुसा दाबून बसलेला असतो. एमडीएफचा भुसा तर पिठासारखा घट्ट होतो. बिघडलेली वाटणारी बरीच मशीन्स इथेच सुधारतात. पातं काढून त्याच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या पुसा. त्यांच्यामध्ये एक कण राहिला तरी पातं डगमगतं आणि कापाची कड खडबडीत होते.

त्यानंतर फेन्स. क्रमात ती पहिली, कारण बाकी सगळी मापं तिच्यापासून घ्यायची असतात. बहुतेक मशीनवर पात्याच्या डाव्या-उजव्या बाजूला फेन्सचे दोन भाग असतात. ते एका रेषेत आहेत का, हे निदान ६०० मि.मी. लांबीची खात्रीची सरळ पट्टी दोन्हींवर आडवी टेकवून पाहा. कुठे उजेड दिसतो? एक भाग दुसऱ्यापेक्षा कागदभर मागे असेल तर डावीकडून कापलेला आणि उजवीकडून कापलेला कोन कधीच सारखा येणार नाही, मग तुम्ही खाचा कितीही दुरुस्त करा. हे तपासायचं राहून जातं आणि शिव्या पात्याला बसतात. ओतीव फेन्स मुळातच वाकडी असेल तर ती घासत बसण्यापेक्षा १८ मि.मी. एमडीएफची सरळ पट्टी तिच्यावर पुढून स्क्रूनं बसवणं मला पसंत आहे. मात्र पात्याचं गार्ड मोकळं हलतंय याची खात्री करून घ्या. ही पट्टी पात्याला स्वतःतून एक चीर पाडू देते. त्या चिरेमुळे लाकडाच्या मागच्या कडेला आधार मिळून ती उपटत नाही, आणि काप नेमका कुठे पडणार हे लेसरशिवाय कळतं. शिवाय एमडीएफ आणि मूळ फेन्स यांच्यात कागद घालून दोन्ही भाग एका रेषेत आणता येतात.

आता पातं आणि फेन्स यांचा काटकोन. मशीनचं डोकं खाली दाबून पिन अडकवा. गुण्याची एक बाजू फेन्सला, दुसरी पात्याच्या सपाट अंगाला लावा. दातांची टोकं पात्याच्या अंगापेक्षा बाहेर असतात, त्यांच्यावर गुण्या चढला तर माप खोटं येतं, म्हणून तो दोन दातांच्या मधल्या जागेत टेकवायचा. पातं हातानं थोडं फिरवून पुन्हा पाहा. दर ठिकाणी वेगळं दिसलं तर पातंच वाकलेलं आहे, ते बदला. सगळीकडे सारखंच तिरकं दिसलं तर फेन्सचे बोल्ट सैल करून फेन्स गुण्याला जुळवा. बोल्ट आवळताना फेन्स हमखास किंचित सरकते. म्हणून आधी सगळे अर्धवट आवळा, तपासा, मग पूर्ण आवळा आणि पुन्हा तपासा. काही मशीनवर फेन्स पक्की असते आणि खालची अंशांची खाचपट्टीच सैल करून सरकवता येते. तुमच्या मशीनवर कोणता प्रकार आहे ते माहितीपुस्तिकेत सापडेल. शेवटी उलटवण्याची चाचणी पुन्हा करा आणि ती मिळाल्यावरच पट्टीवरचा काटा शून्यावर आणा. काटा आधी शून्यावर आणून मशीन त्याच्याशी जुळवत बसणं उलटं आहे.

पातं टेबलाला काटकोनात उभं आहे का, हेही त्याच गुण्यानं पाहायचं. टेबल आणि पातं यांच्यात गुण्या उभा धरा. याला एक वेगळा थांबा-बोल्ट असतो, तो थोडा फिरवला की उभेपणा बदलतो. इथली चूक फ्रेममध्ये वेगळ्या रीतीनं दिसते: कोपरा समोरून मिटलेला आणि मागून उघडा, किंवा याच्या उलट. मागची फट भिंतीकडे जाते, ती चालवून घेता येईल. समोरची नाही.

आता जिथे सगळे अडखळतात त्या ४५ अंशांकडे. काटकोन बरोबर जुळवूनही ४५ ला फट येते आणि माणूस पुन्हा फेन्स हलवायला घेतो. तसं करू नका. आधी दोष कुणाचा ते शोधा. नक्षी नसलेली, दोन्ही अंगांनी सपाट पट्टी घ्या, कारण ती उलटीपालटी करता येते. तिच्यातून छोट्या चौकटीचे चार तुकडे कापा, पण आठही काप मशीन फक्त डावीकडे ४५ वर ठेवून. गोंद न लावता जुळवा, तीन कोपरे घट्ट धरा आणि चौथा बघा. मग दुसरी चौकट आठही काप उजवीकडून घेऊन करा. डावीकडची चौकट एका बाजूनं उघडी आणि उजवीकडची तेवढीच दुसऱ्या बाजूनं उघडी, असं दिसलं तर फेन्स फिरलेली आहे. काटकोनाच्या चाचणीतही ते दिसलं असणार. काटकोन नेमका आणि एकाच बाजूचा ४५ चुकीचा, असं असेल तर दोष त्या खाचेचा. फेन्सला हात लावायचा नाही.

नक्षीची पट्टी उलटी करता येत नाही. म्हणून खऱ्या फ्रेमला एक टोक डावीकडून आणि दुसरं उजवीकडून कापावं लागतं आणि इथे एक गंमत होते. फेन्स फिरलेली असेल तर एका बाजूला ४५.२५ आणि दुसऱ्या बाजूला ४४.७५ येतात, दोन्हींची बेरीज ९० होते आणि कोपरा पूर्ण मिटतो! पण दोन तिरक्या तोंडांची लांबी सारखी राहत नाही. ५० मि.मी. पट्टीत सुमारे ०.६ मि.मी.चा फरक पडतो आणि कोपऱ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला छोटी पायरी दिसते. फट नाही पण पायरी आहे, असं दिसलं की फेन्स पाहा. पायरी नाही पण फट आहे, तर खाच, पात्याचा उभेपणा किंवा लाकूड पाहा.

खाच चुकीची असेल तर ती घासून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. बऱ्याच मशीनवर खाच टाळून डोकं मधल्या कोनावर घट्ट करता येतं. पण खाच फक्त ०.१ अंशानं चुकत असेल तर डोकं पुन्हा खाचेतच घसरतं. अशा वेळी फेन्स आणि लाकूड यांच्यात कागदाची पट्टी ठेवा. लाकूड फेन्सला ज्या दोन ठिकाणी टेकतं त्यांत १०० मि.मी. अंतर असेल आणि एका ठिकाणी ०.१ मि.मी.चा कागद असेल, तर कोन सुमारे ०.०६ अंशांनी बदलतो. दोन कागद लावले की त्याच्या दुप्पट. कुठल्या बाजूला किती कागद हे एकदा ठरलं की मशीनवरच पेन्सिलीनं लिहून ठेवा.

कोनामागे एवढं धावताना लांबी विसरली जाते. समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकाच लांबीच्या नसतील तर कोन कितीही नेमके असोत, फ्रेम मिटणार नाही. मोजपट्टीनं दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजून कापणं हा त्यावरचा उपाय नव्हे. फेन्सला एक ठोकळा शिकंज्यानं आवळा, पहिल्या तुकड्याचं टोक त्याला टेकवून कापा, ठोकळा न हलवता दुसरा कापा. ठोकळ्याची खालची कड थोडी तासून ठेवा, नाहीतर भुसा तिथे साठून दुसरा तुकडा किंचित आखूड होतो. जुळवल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे.

मशीन अचूक आणि काप चुकलेला, असंही होतं. तिरक्या कापात पातं लाकडाला फेन्सला समांतर ढकलतं आणि पट्टी हाताखाली हळूच सरकते. फेन्सवर दुतर्फी टेपनं १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला की हे बरंच थांबतं. शिकंजा लावला तर पूर्णच. मोटर पूर्ण वेगात आल्यावर डोकं सावकाश खाली आणायचं, काप झाल्यावर बटण सोडायचं, आणि पातं थांबेपर्यंत डोकं वर उचलायचं नाही. फिरतं पातं वर येताना कापलेल्या तोंडाला घासून एक ओरखडा सोडतं. सरकतं डोकं असलेलं मशीन असेल तर फ्रेमच्या कामाला रेल मागे ढकलून घट्ट करा. या पट्ट्यांना सरकवून कापण्याची गरज नसते आणि रेलमधली ढिलाई कापात उतरते. बोटं पात्यापासून निदान वीतभर दूर ठेवा. त्याहून छोटा तुकडा हातात धरून कापू नका.

पातंही महत्त्वाचं. मशीनबरोबर येणारं पातं साइटवरच्या कामासाठी असतं, दात कमी आणि काप दांडगा. २५५ मि.मी. व्यासाला ६० ते ८० दातांचं पातं लावलं की फरक पहिल्याच कापात दिसतो. सागात सिलिका असते, त्यामुळे सागावर दात लवकर बोथट होतात. शिसवाचा चीक दातांवर जमून पातं तापतं. पातं काढून कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणानं जुन्या टूथब्रशनं घासलं की चीक निघतो. लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा. बोथट पातं वाकतं आणि वाकलेलं पातं तिरका काप देतं, मग दोष मशीनच्या माथी येतो. अगदी केसभर तासण्यासाठी पात्याची एकच कड लाकडाला लावणंही टाळा. एका बाजूनं विरोध नसला की पातं बाहेर झुकतं. पात्याची पूर्ण जाडी लाकडात जाईल एवढं माप ठेवून कापा.

आणि म्हैसूरची हवा. मार्च-एप्रिलमध्ये कोरडं ऊन, मेमध्ये वळीव, मग पावसाळा आणि दसऱ्याच्या आसपास, ऑक्टोबरमध्ये, पुन्हा जोराचा पाऊस. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. म्हणून ४५ अंशांचा कोन लाकडात कायमचा राहत नाही. ५० मि.मी.ची पट्टी रुंदीत एक टक्का आकसली तर कोपऱ्याच्या आतल्या टोकाला ०.७ मि.मी.ची फट उघडते. फुगली तर बाहेरच्या टोकाला. यातून निदान करता येतं. फ्रेम केली तेव्हा मिटलेला कोपरा उन्हाळ्यात आतून उघडला, तर मशीन निर्दोष आहे, लाकूड ओलं होतं. हुणसूरकडून आलेली किंवा कोडगूच्या कॉफी मळ्यातल्या सिल्व्हर ओकची ताजी फळी स्वस्त मिळते म्हणून लगेच कापायला घेऊ नये. पट्ट्या थोड्या जाड कापून वाळेपर्यंत घरात, खाली आधार देऊन, हवा खेळेल अशा ठेवाव्यात. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर असेल तर १२ टक्क्यांच्या खाली आल्यावर काम सुरू करावं. राजवाड्यातला अंबाविलास दरबार पाहायला जाल तेव्हा हस्तिदंत जडवलेले शिसवाचे दरवाजे बघाच, पण जगन्मोहन राजवाड्याच्या कलादालनात रविवर्म्याच्या चित्रांपुढे उभे राहिलात तर फ्रेमांच्या कोपऱ्यांकडेही एकदा नजर टाका. आपल्याकडे रविवर्मा प्रेसची छापील चित्रं घरोघर फ्रेम करून लावलेली असत. त्या फ्रेमांचे कोपरे कुठल्या बाजूनं उघडलेत, यावरून त्या घराची हवा सांगता येईल.

मशीननं दिलेल्या कापात शेवटची केसभर फट राहिलीच तर ती मशीनवर काढू नये. सय्याजीराव रस्त्यावरच्या (हो, बडोद्याच्या सयाजीरावांच्याच नावाचा) चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या आसपास शिसवातलं जडावकाम पाहायला मिळतं. त्या कामात तुकडा आणि खाच एकमेकांना बसवून पाहत पुढे जातात, अंश कुणी मोजत नाही. फ्रेमच्या कोपऱ्यालाही तेच लागू आहे. दोन पायऱ्यांची एक पाटी करा. वरच्या पायरीवर ४५ अंशांत ठोकळा पक्का करा, पट्टी त्याला टेकवा आणि खालच्या पायरीवर रंधा आडवा ठेवून कापलेलं तोंड एक-दोनदा तासा. रंध्याची धार चांगली असेल तर कागदापेक्षा पातळ छिलका निघतो. ठोकळ्याचा कोन तपासायला तीच सपाट पट्टीची चौकट वापरायची.

म्हैसूरमध्ये बहुतेकांचं वर्कशॉप म्हणजे तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवरच्या घराचा पोर्टिको किंवा गच्चीवरची पत्र्याची शेड. मशीन रोज उचलून आत न्यावं लागतं. ते उचलायचं हँडलनं, फेन्सला धरून नाही आणि डोकं खाली अडकवूनच. पत्र्याखाली पावसाळ्यात टेबलावर गंज धरतो, म्हणून वर जुन्या चादरीचं आवरण असू द्या. प्लॅस्टिक नको, त्याच्या आत पाणी सुटतं. उलटवण्याची चाचणी दर महिन्याला करायची गरज नाही. पातं बदललं, मशीन कुठे आपटलं, लाकूड अडकून झटका बसला, किंवा नव्या फ्रेमचं महागडं लाकूड कापायला घ्यायचं असलं, तर करा. पाच मिनिटांचं काम आहे. शिसव कापणार असाल तर मास्क लावा, त्याचा भुसा त्वचेला आणि श्वासाला झोंबतो, आणि त्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालू नका.